टिकली लावलेल्या फ्लॉप्या

फ्लॉपीची पूजा करू नये असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तरी ते इंग्रजीत असतं आणि आमच्या सासूबाईंनी ते मानलं नसतं. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं देवीपुढे मांडायची, ही आमच्याकडची रीत. विळी, कातरी, शिवणयंत्र, ह्यांची पान्ह्यांची पिशवी, आणि त्या वर्षीपासून माझा कॉम्प्युटर. तो उचलून देवघरात नेणं शक्य नव्हतं, म्हणून देवघरातलं तबक त्याच्याकडे आलं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. हे रिफायनरीत होते आणि आम्ही बडोद्याच्या बाहेर, छाणीला राहायचो. माझा सख्खा मोठा भाऊ, दादा, त्याने अलकापुरीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर डीटीपीचं दुकान थाटलं होतं. गुजराती कंकोत्र्या, म्हणजे लग्नपत्रिका, दुकानदारांची बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असं काय काय तिथे जुळवलं जायचं. अलकापुरीत तेव्हा दर आठवड्याला कुठली ना कुठली नवी पाटी लागायची, आणि दादा त्या वाऱ्यावर छान स्वार झाला होता. त्याच्याकडे नवी मशिनं आली तेव्हा त्यातलं सर्वांत जुनं माझ्या घरी आलं. "बहिणीला कॉम्प्युटर दिला," असं त्याने सगळ्या नातेवाइकांत सांगितलं, आणि मीही तसंच सांगत फिरले. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा, हे खरं आहे.

आमच्या माहेरी पैसाअडका बेताचा, पण एका गोष्टीचा तोरा मोठा. अक्षराचा. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते, आजोबाही तिथेच चिकटले, आणि दोघांच्या वळणदार मोडीची आणि बाळबोधीची गोष्ट आमच्याकडे पंगतीत वाढल्यासारखी पुन्हा पुन्हा वाढली जायची. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, आम्हा दोघा भावंडांना टाक-दौत देऊन कित्ते गिरवायला बसवलं. माझ्या हाताला ते वळण लागलं. दादाच्या हाताला नाही. आप्पा पाहुण्यांसमोर म्हणायचे, "हिचं वाचायला चष्मा लागत नाही, आणि ह्याचं वाचायला वकील लागतो." सगळे हसायचे. दादाही हसायचा. निदान मला तसं दिसायचं.

बडोद्यात मराठी लग्नपत्रिका छापून घेणं म्हणजे तेव्हा एक शिक्षाच होती. छापखाने गुजराती, त्यांच्याकडची देवनागरी हिंदीवाल्यांची. ल आणि श त्यांच्या पद्धतीचे, ळ कुठून तरी उसना आणून बसवल्यासारखा, आणि 'करणाऱ्या' लिहायचं म्हटलं की त्यांचा र डोक्यावर जाऊन बसायचा. लोक कुरकुरायचे. छापखानेवाला म्हणायचा, "चालशे ने, बेन." आणि आपली माणसं मुकाट्याने चालवून घ्यायची. मला ते बघवत नसे. एकदा दादाच्या दुकानात बसले असताना मी म्हटलं, आपल्या वळणाची अक्षरं कॉम्प्युटरसाठी काढली तर? तो म्हणाला, "काढ की. तुला वेळ आहे." आणि अक्षरं काढायचा एक प्रोग्रॅम त्याने माझ्या मशीनमध्ये घालून दिला.

वेळ होता तो दुपारचा. मुलगा शाळेत, हे कामावर, सासूबाई आडव्या झालेल्या. मी आलेखाच्या कागदावर अक्षर काढायची, मग माऊसने तेच पडद्यावर. माऊसने अक्षर काढणं म्हणजे साबणाच्या वडीने रांगोळी घालणं. क्ष शी मी पंधरवडा लढले असेन. वर्षभर आणि वर थोडं, असं ते चाललं. अधूनमधून दादाच्या लेझर प्रिंटरवर नमुना काढून बघायची. तो कागद हातात धरून दिव्याकडे नेऊन बघायचा आणि म्हणायचा, "मस्त आहे. आधी पूर्ण कर, मग बघू."

माझं मात्र आधीच सगळं ठरलं होतं. अक्षरं पूर्ण झाली की घरच्या घरी मराठी पत्रिका जुळवून द्यायच्या. मुंजी, लग्नं, मराठी मंडळाची आमंत्रणं. फाटकावर पाटी कुठे लावायची तेही मी बघून ठेवलं होतं. त्या घरात भांडी सासूबाईंची, फर्निचर ह्यांचं, आणि कॉम्प्युटर दादाने दिलेला. माझी स्वतःची म्हणावीत अशी ती अक्षरं तेवढी होती.

दादाचा एक नियम होता आणि तो मी वेदवाक्य मानला होता. "मशीनमध्ये काही ठेवायचं नाही. ह्याची हार्ड डिस्क म्हातारी आहे, आज आहे उद्या नाही. काम झालं की फ्लॉपीवर घ्यायचं, प्रत्येकीची दुसरी प्रत करायची, आणि मशीनमधलं पुसून टाकायचं." मी तसंच करायची. प्रत्येक नवी फ्लॉपी आधी फॉरमॅट करायची. पडद्यावर टक्के चढत जायचे, आतून कर्र-टक, कर्र-टक असा आवाज यायचा, आणि मला नवीन वही कव्हर घालून तयार केल्याचं समाधान मिळायचं. फ्लॉपीच्या दोन कोपऱ्यांत दोन चौकोनी भोकं असतात. एकाला सरकती खिडकी असते. ती उघडी ठेवली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही, हे दादाने शिकवलं होतं. दुसरं भोक सताड उघडं. ते कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "ते असंच असतं."

तर ती खंडेनवमी. हळदकुंकवाची पूड मशीनमध्ये गेली तर वाट लागेल एवढी अक्कल मला होती. म्हणून पडद्याच्या काचेला बाहेरून गंधाचं बोट टेकवलं, कीबोर्डवर नुसतं फूल ठेवलं, आणि फ्लॉप्यांसाठी शक्कल काढली. लहरीपुऱ्याच्या बाजारातून आणलेलं मखमली टिकल्यांचं पाकीट घरात होतं. कुंकवाऐवजी टिकली. आता लावायची कुठे? पूड आत जायची झाली तर त्या उघड्या भोकातूनच जाईल, असं मला वाटलं. तेव्हा प्रत्येक फ्लॉपीच्या त्या भोकावरच एक एक टिकली दाबून बसवली. कोऱ्या, अजून फॉरमॅट न केलेल्या फ्लॉप्या होत्या, त्यांनाही. माझं मलाच कौतुक वाटलं. सासूबाईंनी बघून मान डोलावली, आणि त्यातली पहिली, जिच्यावर माझ्या अक्षरांचा पहिला पुरा संच होता, ती उचलून त्यांनी देवीपुढच्या पोथीवर ठेवली. पहिलं ते देवीचं, असं त्यांचं म्हणणं. पूजेच्या गडबडीत पुढे ती कुठे गेली हे मी पाहिलं नाही.

दसऱ्याला सोनं वाटून झालं, फाफडा-जिलबी खाऊन झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीन लावलं. ठळक अक्षरांची फ्लॉपी घातली. आत कुरकुर झाली, थांबली, परत झाली. मग पडद्यावर इंग्रजीत आलं, जनरल फेल्युअर. रद्द करू, परत बघू, की सोडून देऊ? मी परत बघू म्हटलं. तेच. दुसरी घातली. तेच. पहिल्या प्रती, दुसऱ्या प्रती, सगळ्यांचं उत्तर एकच.

मी काही रडत बसणारी नाही. आधी ड्राइव्हवर संशय घेतला. त्याचं डोकं साफ करायची एक वेगळी फ्लॉपी येते, तिच्यावर स्पिरिट टाकून फिरवली. फरक नाही. मुलाची खेळाची एक फ्लॉपी दप्तरात राहून गेली होती, तिची पूजा झाली नव्हती. ती घातली तर झटकन उघडली. म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत. मग टिकली लावलेली एक कोरी फ्लॉपी घेऊन फॉरमॅट करायला लावली. आला संदेश, ट्रॅक झिरो खराब, डिस्क निकामी. आणि शेजारच्या मुलीकडून एक कोरी मागून आणली, टिकलीवाचूनची, ती मात्र शंभर टक्क्यांपर्यंत सुरळीत गेली. निष्कर्ष अगदी स्पष्ट होता. पूजा केलेल्या तेवढ्या मेल्या होत्या.

ह्यांनी संध्याकाळी ऐकलं आणि म्हणाले, "देवी पावली म्हणायची." सासूबाईंचा पारा चढला. पूजेने काही बिघडतं हे त्या ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. मी एका टिकलीच्या कडेला बोट लावलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "नवमीचं कुंकू हाताने काढायचं नसतं. आपोआप जाईल तेव्हा जाईल." मलाही ते पटलं, कारण टिकली बाहेर आणि चकती आत, तिचा काय संबंध? मी हात काढून घेतला.

रविवारी दादा आला. माझ्या खुर्चीवर बसला, एक फ्लॉपी घालून बघितली, बाहेर काढली, उलटी केली. "हे काय?" मी सगळं सांगितलं. पूड, भोक, टिकली, सासूबाई, हाताने काढायचं नसतं ते, सगळं. तो ऐकत होता आणि त्याचा अंगठा त्या टिकलीच्या कडेवरून हळूहळू गोल फिरत होता. एकदा नखाची कड टिकलीखाली गेल्यासारखी वाटली. मग त्याने फ्लॉपी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चहा टाक ना जरा."

मी चहा घेऊन आले तेव्हा तो उभा राहून फ्लॉप्या डब्यात भरत होता. "गेल्या गं," तो म्हणाला. "टिकलीचा डिंक आत उतरलाय. पहिला ट्रॅकच गेला म्हटल्यावर पुढचं काही वाचताच येत नाही. अहमदाबादला माझ्या ओळखीचा एक जण आहे, त्याच्याकडून काही निघतं का बघतो. नाही निघालं तर टाकून देतो, तुला कशाला परत बघून त्रास." माझ्या डोक्यावर त्याने हात ठेवला. लहानपणी मी पडले की ठेवायचा तसा. मी त्या हाताखाली उभी राहून रडले, आणि डबा बांधायला जुनी ओढणी मीच आणून दिली.

अहमदाबादहून काही निघालं नाही, असा निरोप आला.

ही गोष्ट मग आमच्या नात्यागोत्यात फिरली. दादाच सांगायचा, आणि रंगवून सांगायचा. "आमच्या बहिणीने कॉम्प्युटरची मंगळागौर पुजली." बारशाला गेले तरी तेच, सत्यनारायणाला गेले तरी तेच. लांबच्या मामेसासूबाईंनी मला विचारलं, नवऱ्याच्या स्कूटरच्या इंजिनातही कुंकू घालतेस का? मी हसायची. माझ्या मूर्खपणाने माझं वर्षाचं काम गेलं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून हसायची. त्या हसण्याचा मला आज जेवढा राग येतो तेवढा दुसऱ्या कशाचा येत नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं. कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवलं. त्याने तबकात कोऱ्या फ्लॉप्यांचं अख्खं खोकं ठेवलं. "ह्यांना टिकल्या लावू नकोस म्हणजे झालं." आई हसली, वहिनी हसली. मी ते खोकं घरी आणलं, परत आलेखाचा कागद पुढे घेतला, अ काढला, आ काढला आणि पुढे हातच चालेना. आधी जे अक्षर जमलं होतं त्याची आठवण नव्या अक्षराच्या आड यायची. दोनदा सुरू केलं, दोनदा सोडलं. मशीनवर मुलगा खेळ खेळायला लागला.

थंडीत लग्नसराई सुरू झाली. आमच्या ओळीतल्या एका मराठी कुटुंबाच्या मुलीची पत्रिका आली. मी ओट्याशी उभी राहून, ओल्या हाताने कड धरून वाचत होते, आणि 'श्रीकृपेकरून'च्या श्र वर अडकले. मग पुढे गेले. कुळाचं नाव, स्थळ, वेळ. प्रत्येक ळ, प्रत्येक ल. आपला चेहरा दुसऱ्याच्या घरातल्या भिंतीवर टांगलेला दिसावा तसं मला झालं. शेजारणीला विचारलं, कुठे केल्या? ती म्हणाली, "तुमच्याच भाऊकडे की! अलकापुरीला. मस्त मराठी अक्षर आहे त्यांच्याकडे, आता सगळे तिथेच जातात. तुम्हाला खबर नाही?"

मी दुसऱ्याच दिवशी अलकापुरीला गेले. दुकानाच्या दाराशी नवी पाटी होती, 'अस्सल मराठी वळणाच्या लग्नपत्रिका'. पाटी त्याच अक्षरात. दादा जराही गडबडला नाही. खुर्ची ओढून दिली, थंड मागवलं. "तुझं काम गेलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. म्हणून आप्पांचे कित्ते शोधले आणि ऑपरेटरला त्यावरून काढायला लावलं. तुला दाखवणारच होतो. सरप्राइज."

"ही माझी अक्षरं आहेत," मी म्हटलं.

"तुझं अक्षर तरी कुणाचं? आप्पांचंच ना? मग सारखं दिसणारच." तो अगदी शांतपणे म्हणाला.

खरंच, माझं वळण आप्पांचंच होतं. आप्पा असते तर त्यांना विचारलं असतं, पण आप्पा जाऊन चार वर्षं झाली होती. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "घराण्याचं अक्षर आहे, तू काढ नाहीतर तो काढो. बाहेर तर गेलं नाही ना?" तिच्या दृष्टीने विषय संपला. माझा संशय मात्र काही गप्प बसला नाही. भांडी घासताना, मुलाचा अभ्यास घेताना, तो आपला डोकं वर काढायचा आणि मी त्याला दटावून खाली बसवायची. सख्खा भाऊ आहे, असं म्हणायची. डोक्यावर हात ठेवला होता त्याने.

पुढच्या वर्षी घटस्थापनेला सासूबाईंनी पोथी काढली. ती पोथी फक्त नवरात्रात उघडते. दसरा झाला की लाल कापडात बांधून देवघराच्या वरच्या फळीवर जाते. त्यांनी कापडाची गाठ सोडली आणि पोथीवरून माझी फ्लॉपी घसरून पाटावर पडली. पहिलं ते देवीचं म्हणून ठेवलेली ती, त्यांनी नवमीनंतर पोथीबरोबरच बांधून टाकली होती. बडोद्याचा उन्हाळा खाऊन टिकलीचा डिंक सुकला होता. टिकली लाल कापडाला चिकटून राहिली आणि फ्लॉपीचं भोक उघडं पडलं होतं. "बघ," सासूबाई म्हणाल्या, "आपोआप गेलं की नाही?"

मेलेलीच आहे, असं म्हणत मी दुपारी ती मशीनमध्ये घातली.

कर्र-टक. आणि पडद्यावर यादी उतरायला लागली. सगळी अक्षरं. एकही जागचं हललेलं नव्हतं. मी ळ उघडला. त्याच्या खालच्या वळणाला एक बारीकसा खळगा होता. काढताना वीज मिणमिणली होती आणि माऊस सटकला होता, आणि दसऱ्यानंतर दुरुस्त करू म्हणून मी तो तसाच ठेवला होता. वर्षभरात मी तो विसरूनही गेले होते. उठून ती शेजारची पत्रिका शोधली, खिडकीशी धरली. 'स्थळ' मधल्या ळ ला, त्याच जागी, तोच खळगा. आप्पांच्या टाकाला माऊस नव्हता.

मग मी पाकिटातली नवी टिकली काढून फ्लॉपीच्या भोकावर चिकटवली. जनरल फेल्युअर. नखाने काढली. उघडली. परत लावली, परत काढली. किती वेळ मी हे करत बसले कोण जाणे. ते भोक 'असंच' नव्हतं. शेजारच्या मुलीच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात मग सापडलं, त्यावरून मशीनला कळतं की ही जास्त मजकूर मावणारी फ्लॉपी आहे. ते झाकलं की मशीन तिला जुन्या, निम्म्या मजकुराची समजतं, वाचायला जातं आणि हात वर करतं. डिंक कुठे उतरला नव्हता, पहिला ट्रॅक कुठे गेला नव्हता. दिवसरात्र फ्लॉप्या हाताळणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसणार? एका नखाचं काम होतं, आणि तो नख लावून थांबला होता. मी त्याला सांगून ठेवलं होतं ना, आमच्याकडे हाताने काढायचं नसतं. मी ती काढणार नाही, हे त्याला मीच सांगितलं होतं. आणि त्याने चहा मागितला.

मला चोरीचा राग आला, पण तो दुसऱ्या नंबरचा. अक्षरं मागितली असती तर मी दिली असती, हे त्यालाही माहीत होतं. माझ्या मूर्खपणाने ती गेली असं त्याने मला वर्षभर मानायला लावलं, माझ्या पूजेला दोष दिला, चारचौघांत त्याचा विनोद केला आणि मला त्यावर हसायला लावलं. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता. तरी मनाचा एक चिवट कोपरा म्हणत होता, नसेल माहीत त्याला. घरी नेल्यावर एखादी टिकली आपसूक पडली असेल, तेव्हा कळलं असेल, मग सांगायची लाज वाटली असेल. भावाला वाचवायला मीच वकील झाले होते.

म्हणून मी भाऊबीजेपर्यंत कुणाला काही बोलले नाही. ह्यांनाही नाही.

माहेर लहरीपुरा दरवाज्याच्या आतल्या बाजूला. आईने पाट मांडला, भोवती रांगोळी घातली आणि ती पुऱ्या तळायला आत गेली. वहिनी तिच्या हाताखाली. दादा पाटावर बसला. मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. त्याचा हात खिशाकडे गेला तेव्हा मी म्हटलं, "थांब, आधी एक काम आहे. ही एक फ्लॉपी घरात सापडली. उघडत नाही. बघतोस का जरा?"

आदल्या दिवशी मी तिच्यावर नवी टिकली लावून ठेवली होती.

त्याने ती हातात घेतली. डोक्यात बहुतेक जेवणाचा विचार असावा, कारण तोंडाने तो आत ओरडून सांगत होता की आई, माझ्या पुऱ्या कडक तळ. फ्लॉपी उलटी झाली, अंगठा कोपऱ्याकडे गेला, नख टिकलीच्या कडेखाली शिरलं, आणि ह्या वेळी थांबलं नाही. टिकली सोलून निघाली. "घे, आता घाल, उघडे..." एवढं म्हणून त्याने फ्लॉपी माझ्यापुढे धरली आणि मग त्याला माझा चेहरा दिसला.

त्याने फ्लॉपीकडे पाहिलं. मग अंगठ्याकडे. मरून रंगाची ती टिकली नखाला चिकटून राहिली होती. आतून चुर्र असा पुरीचा आवाज येत होता. एक वर्ष मी ज्याला बाजूला ठेवून सगळ्यांवर संशय घेतला होता, माझ्या हातांवर, देवीवर, डिंकावर, तो कपाळाला माझंच कुंकू लावून माझ्यासमोर बसला होता. मला विचारायचं होतं त्याचं उत्तर त्याच्या नखाने देऊन टाकलं होतं.

"झालं का गं ओवाळून?" आईने आतून विचारलं.

त्याने टिकली झटकली. ती निघेना. दुसऱ्या बोटाने ओढली तर त्या बोटाला चिकटली. माझ्याकडे बघायचं नाही म्हणून तो तिच्याकडेच बघत राहिला. मी तबक खाली ठेवलं नाही. निरांजन जळत होतं, आणि मी ते त्याच्यापुढे तसंच धरून उभी होते, ओवाळणीसाठी धरतात तसं. शेवटी त्याने बोट तबकाच्या कडेला पुसलं आणि ती टिकली तिथे, सुपारीशेजारी राहिली.

"झालं, आई," मी म्हटलं आणि तबक घेऊन आत गेले.